दस्तगीरचाचा आणि आबासाहेबांच्या गाडीतलं पाणी

गाडीखाली पाणी टपकलेलं दिसलं की तुम्ही-आम्ही वाकून बघतो. दस्तगीरचाचा वाकून चाखायचे. गॅरेजसमोर गाडी उभी राहिली की ते ड्रायव्हरकडं बघत नसत, बॉनेटला हात लावत नसत. खाली उकिडवे बसायचे, टपकणाऱ्या थेंबाखाली करंगळी धरायचे आणि ती करंगळी सरळ जिभेवर. मग एखादी सुगरण आमटीतलं मीठ बघते तसे डोळे मिटून दोन क्षण थांबायचे आणि निकाल द्यायचे. गंजट लागलं तर रेडिएटर. जीभ चरचरली तर बॅटरी. नुसतीच माती लागली तर पावसाचं साठलेलं, गाडी घेऊन घरी जा.

एकदा एका वकिलांच्या गाडीचं मागचं चाक ओलं दिसलं. चाचांनी करंगळी लावली, चाखली, आणि त्यांचे डोळे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ मिटलेले राहिले. मग ते शांतपणे उठले, "ह्ये गाडीचं न्हवं" एवढंच बोलले, नळावर जाऊन तीनदा चूळ भरून आले आणि त्यांनी चहा सांगितला. वकील बिचारे मग कशाचं, मग कशाचं, असं विचारत राहिले. पलीकडं खांबाजवळ गल्लीतलं तांबडं कुत्रं अंग चाटत बसलं होतं. त्याच्याकडं बघून मला जे कळलं ते वकिलांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मी तेव्हा हायस्कूलमध्ये शास्त्र शिकवत होतो आणि उद्यमनगरच्या अलीकडं, चाचांच्या गॅरेजला लागून दोन खोल्यांत राहत होतो. माझ्या खिडकीतून गॅरेजचं सगळं अंगण दिसायचं. मधोमध कडुनिंब, त्याखाली एक लाकडी बाक, आणि मागं चाचांचं पत्र्याचं घर. घरात चाचा आणि हलिमाचाची, दोघंच. मुलगी लग्न होऊन गडहिंग्लजला गेलेली.

चाचांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुठलीही गाडी येऊ दे, कसलाही बिघाड असू दे, ते कमरेवर हात ठेवून म्हणायचे, "ह्यो काय रोग हाय व्हय?" हे ऐकून गिऱ्हाईक खूश व्हायचं, आता तासाभरात गाडी मिळणार असं धरून चालायचं. जाणकार मात्र तिथल्या तिथं एसटीचं टायमिंग विचारून घेत. कारण चाचांनी हे वाक्य उच्चारलं की गाडी किमान चार दिवस अंगणात राहणार हे ठरलेलं. त्यांना काम येत नव्हतं असं नाही. बिघाड दुरुस्त झाल्यावर तो झाला का होता, हे समजल्याशिवाय त्यांना गाडी सोडवत नसे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरच्या एका उन्हाळ्यात शिरोळकडच्या एका साखर कारखान्याचे चेअरमन आबासाहेब यांनी आपल्या पांढऱ्या गाडीत थंडीचं यंत्र बसवून आणलं. एसी हा शब्द तेव्हा आमच्याकडं रुळायचा होता. लोक म्हणत, आबासाहेबांनी गाडीत महाबळेश्वर भरलंय. पेटीएवढं यंत्र डॅशबोर्डच्या खाली, डाव्या अंगाला लटकवलेलं. आबासाहेब कायम पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी बसायचे. मागं बसलं तर रस्त्यावरच्या लोकांना नमस्कार कुणाला करायचा ते कळत नाही, असं त्यांचं मत होतं.

आठ दिवसांत त्या पेटीतून पाणी गळायला लागलं. तेही नेमकं आबासाहेबांच्या पायावर.

आता यात काय मोठंसं, असं तुम्हाला वाटेल. पण आबासाहेबांच्या पायात खास करून घेतलेली कर्रकर्र वाजणारी चप्पल असायची. ती जिन्यावर वाजली की कारखान्यातले कारकून विड्या विझवत, संचालक विषय बदलत. पाण्यानं भिजून भिजून चामडं मऊ पडलं आणि चप्पल मुकी झाली. परिणाम असा झाला, की एके दिवशी आबासाहेब मीटिंगच्या खोलीच्या दारात पोचले तरी आत कुणाला पत्ता लागला नाही, आणि स्वतःबद्दलची आपल्याच दोन संचालकांची मतं त्यांना सविस्तर ऐकायला मिळाली. तिथून ते तडक चाचांच्या गॅरेजवर आले.

चाचांनी पेटीखाली करंगळी धरली, जिभेला लावली आणि त्यांचा चेहरा पडला. पुन्हा एक थेंब घेतला. पुन्हा तेच. त्या पाण्याला चवच नव्हती. गंज नाही, आम्ल नाही, माती नाही, काही नाही. इतक्या वर्षांत एखाद्या गाडीनं त्यांना असा दगा दिला नव्हता. तरी आबासाहेबांसमोर त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि ते नेहमीचं वाक्य म्हटलंच. आबासाहेबांच्या ड्रायव्हरनं तिथंच एक सुस्कारा सोडला.

संध्याकाळी चाचा माझ्या दारात. मास्तर, ज्या पाण्याला चव न्हाय ते येतंय कुठनं, हा त्यांचा प्रश्न. मी गोळेवाल्याकडून बर्फ आणला, स्टीलच्या पेल्यात घातला आणि पेल्याला बाहेरून फुटलेला घाम त्यांना दाखवला. हवेत वाफ असते, ती गार नळ्यांना लागली की तिचं पाणी होतं, ते पेटीतल्या ताटलीत साठतं आणि ताटलीच्या भोकातून रबरी नळीनं गाडीबाहेर पडायला हवं, वगैरे. वर्गात चाळीस पोरांना जे समजायला दोन तास लागायचे ते चाचांना दोन मिनिटांत समजलं. ते हसायलाच लागले.

"म्हंजे आबासाहेब भाषण देत्यात ती तोंडची वाफच पायावर पडतीया की त्यांच्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रबरी नळी काढली. तिच्या तोंडाशी एका कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं निघालं. नळी साफ झाली, पेटी दोन तास चालवून पाहिली, पाणी शिस्तीत गाडीखाली पडलं. गाडी गेली. तिसऱ्या दिवशी आबासाहेब ओल्या पायानं परत आले. चाचांनी सगळे सांधे उघडून पुन्हा बसवले, अंगणात चालवून पाहिलं, थेंब नाही. गाडी गेली आणि परत आली. तिसऱ्यांदाही तसंच झालं. अंगणात गाडी शहाण्यासारखी वागायची आणि आबासाहेब बसले की रडायला लागायची.

गल्लीत आता चेष्टा सुरू झाली होती. समोरचा सलूनवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, की दस्तगीरभाईंनी साऱ्या जिल्ह्याच्या गाड्या चाखल्या, पण थंडी काय पचली न्हाय. चाचा ऐकून न ऐकल्यासारखं करत, पण त्यांचं जेवण कमी झालं होतं. त्यातच हलिमाचाचीही त्या उन्हाळ्यात बिनसलेली. एरवी हसतमुख बाई, पण दोन महिने झाले, कारण नसताना भडकायची. दूधवाल्याला फैलावर घ्यायची, भर दुपारी पदर ओला करून डोक्यावर घ्यायची आणि उंबऱ्यात बसून राहायची. चाचा तिच्याकडं बघून आम्हाला म्हणायचे, की आमचं इंजिन बी तापलंया. आम्ही हसायचो. माझी बायको मात्र हसत नसे. ती म्हणायची, वयाचं असतं ते, तुम्हा पुरुषांना काय कळतंय.

शेवटी चाचांनी आबासाहेबांना सांगितलं, की तुम्ही नेहमीसारखे बसा, मी तुमच्या पायाशी बसून येतो, पन्हाळ्याच्या वाटेनं एक चक्कर मारू. साक्षीदार म्हणून मला मागं घातलं. ते दृश्य मी विसरणार नाही. पुढं आबासाहेब पांढऱ्या टोपीत, रस्त्यावरच्या लोकांचे नमस्कार घेत, आणि त्यांच्या दोन गुडघ्यांच्या मधून बॅटरी घेऊन वर बघणारं चाचांचं डोकं. वाघबीळ यायच्या आधीच डोकं बोललं.

"घावलं."

गाडी बाजूला घेतली. चाचा पायाशी अडकले होते, त्यांना मी आणि ड्रायव्हरनं ओढून काढलं. त्यांनी गाडीपासून दहा पावलं मागं जाऊन, मान तिरकी करून आबासाहेबांसकट गाडीकडं पाहिलं. मीही पाहिलं आणि मलाही दिसलं. आबासाहेब तीन माणसांच्या वजनाचे. ते बसले की गाडी डावीकडं कलायची. ताटलीचं भोक होतं उजवीकडं. सगळं पाणी डाव्या कोपऱ्यात गोळा होऊन काठावरून त्यांच्याच पायावर ओतायचं. अंगणात गाडी रिकामी आणि सपाट, मग गळेल कशाला?

प्रश्न एवढाच, की हे चेअरमनना सांगायचं कसं. ड्रायव्हर आभाळाकडं बघायला लागला. मी चष्मा पुसायला घेतला. चाचा खिडकीशी गेले आणि अदबीनं म्हणाले, "आबासाहेब, गाडी तुमच्याकडं झुकतीया."

आबासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "सारा तालुका झुकतोय," ते म्हणाले, "गाडीचं काय घेऊन बसलाय?"

चाचांनी होय म्हणून मान हलवली आणि विषय तिथंच मिटवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ताटलीला डाव्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं, त्याला वेगळी नळी जोडली आणि गाडी कलू नये म्हणून डाव्या चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पाटा वाढवला. दुपारी चार वाजता आबासाहेबांना गारगोटीला एका सभेला जायचं होतं. कारखान्याच्या जीपमधून ते गाडी न्यायला येणार होते.

एप्रिल असल्यामुळं माझी सकाळची शाळा होती. दुपारी मी झोपलो होतो, पण अंगणात गाडीचं इंजिन चालू होतं आणि ते थांबेचना. तास झाला, दीड तास झाला. बघावं म्हणून मी बाहेर आलो.

गाडी कडुनिंबाखाली उभी होती. बॉनेट उघडं, इंजिनावर ओली पोती आणि शेजारी पाण्याचा डबा. सगळ्या काचा वर केलेल्या. आत पुढच्या सीटवर हलिमाचाची बसली होती. पाय वर घेतलेले, मान मागं टाकलेली, तोंड किंचित उघडं. गाढ झोपली होती. कपाळावरचे केस कोरडे होऊन पेटीच्या वाऱ्यानं हलत होते. चाचा बाहेर उन्हात उभे होते आणि त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

मी विचारलं, तुम्हीही आत का बसत नाही. चाचा हळू आवाजात म्हणाले, "दार उघडलं तर गार जातंय. आनि जागी व्हईल ती." मग ते आपणहून बोलले. "दोन म्हयनं धड झोपली न्हाय, मास्तर. अंगातनं वाफा निघत्यात म्हणती. डाक्टर म्हणतोय वयाचं हाय, जाईल. मी काय करू? गाडीचं असतं तर खोललं असतं."

मी पाण्याचा डबा भरून आणला.

चारला जीप आली. आबासाहेब उतरले, सभेची घाई होती, बोलतच आले. चाचांनी नुसता हात वर केला. जिल्ह्यात आबासाहेबांना असा हात कुणी दाखवला असेल असं मला वाटत नाही. ते थांबले. जवळ येऊन त्यांनी काचेतून आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"पाणी थांबलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"थांबलं."

"मग?"

चाचा त्यांच्याकडं न बघता म्हणाले, "अजून तासभर टेस्टिंग हाय."

आबासाहेबांनी टोपी काढली, कपाळ पुसलं. मग जीपच्या ड्रायव्हरला जवळ बोलावून सांगितलं, की जीपचं इंजिन बंद कर आणि गारगोटीला फोन करून कळव, आम्हाला उशीर होईल. आणि ते जाऊन बाकावर बसले.

ऊन कलत होतं. झाडाची सावली गाडीवरून सरकली आणि उन्हाची एक तिरीप काचेतून चाचीच्या डोळ्यांवर आली. चाचा एक पाऊल डावीकडं सरकले. त्यांची सावली तिच्या चेहऱ्यावर पडली. ते तसेच उभे राहिले. थोड्या वेळानं ऊन आणखी सरकलं, तेव्हा त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं.