टोपीचा कप्पा

चेन अडकते म्हणून भांडणारी गिऱ्हाइकं मला रोज भेटतात. ब्लाउज घट्ट झाला म्हणून भांडणाऱ्या बायका तर सणासुदीला रांगेनं येतात आणि स्वतः किती वाढलोय ते सोडून बाकी सगळं बोलतात. पण एका इंचात टाके किती, हे भिंगातून मोजून भांडणारा माणूस मी अख्ख्या शिक्रापुरात एकच पाहिला. सोपानमामा.

"मंगलताई, हितं नऊ टाके हायेत आन् हितं आठ. असं का?"

"मधे लाइट गेली होती मामा."

"लाइट गेली तरी इंच तेवढाच ऱ्हातो की."

मी कपाळाला हात लावला आणि उसवायला घेतलं.

मामा रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. तीस वर्षं लोखंडाचे तुकडे हातात घ्यायचे आणि सांगायचं, हा ओके, हा रिवर्क, हा रिजेक्ट. रिटायर झाले, पण खोड गेली नाही. खिशात बारीक माप घ्यायचं व्हर्निअर, भिंग आणि लाल पेन कायम. माझ्या दुकानामागच्याच गल्लीत राहतात. शांतामामी, म्हणजे त्यांची बायको, मला एकदा म्हणाली, "मला बघायला आलं तवा अर्धा तास टक लावून बघत बसलं. आमची आई म्हणली, पोरगा लाजाळू दिसतोय. लाजाळू कुठला गं, तपासत होता!"

निरोपसमारंभात कंपनीतल्या पोरांनी मामांना गिअरची सायकल दिली. सायकल पास झाली, पोरांचं नशीब. मग तिच्यावर न्यायला बॅग पाहिजे झाली. मोबाइलवर शोधून शोधून मामांनी एक प्रकार काढला. "मेसेंजर बॅग म्हणत्यात तिला. मेसेंजर म्हंजी निरोप्या. एका खांद्यावरनं तिरकी घालायची, पाठीवर बसती, काय काढायचं असंल तर न उतरवता पुढं ओढायची. आन् मोठ्यातली मोठी पाहिजे."

तीन मागवल्या, तिन्ही परत गेल्या. पहिलीच्या पट्ट्याला एकच टीप होती. दुसरी वॉटरप्रूफ आहे असं लिहिलं होतं, म्हणून मामांनी तिच्यात ज्वारीचं पीठ भरलं, चेन लावली आणि अंगणात ठेवून वरून तीन बादल्या पाणी ओतलं. पिठाच्या गुठळ्या झाल्या. मामी दोन दिवस मामांशी बोलली नाही. तिसरीला नाव ठेवायला जागाच नव्हती, तर म्हणे रंग काळा आहे, ट्रकवाल्याला दिसणार नाही. आमच्या चौकातले ट्रक बघता हे मात्र खरं होतं.

मग स्वारी माझ्याकडे आली. मी दप्तरं शिवते, ट्रॅक्टरच्या सीटा शिवते, ताडपत्र्या सांधते. म्हटलं, एक बॅग ती काय! इथंच चुकलं माझं.

माप घ्यायला मामा माझ्या स्टुलावर बसले आणि सायकल चालवू लागले. खरोखर! पुढं वाकले, हँडल धरल्यासारखे हात केले, पाय गरागरा फिरवले. "अशात माप घ्या. उभ्या माणसाचं माप सायकलला चालत न्हाई." मी टेप घेऊन त्यांच्या पाठीवर वाकलेली आणि हे गृहस्थ मधेच हात बाहेर काढून वळणाची खूण करतायत! एक मुलगी ब्लाउज टाकायला आली होती, ती दारातूनच परत गेली.

बॅग झाली. भगव्या ताडपत्रीची, आतून अस्तर, वरच्या झाकणावर रेडियमची पट्टी. वाकल्यावर पोटाकडे घसरू नये म्हणून कमरेला एक जादा पट्टा. पंक्चरच्या सामानाला कप्पा, पाण्याच्या बाटलीला कप्पा, चष्म्याला, किल्लीला, औषधाला. शेवटी मामा जरा इकडंतिकडं बघून म्हणाले, "आन् एक टोपीचा."

"टोपीचा?"

"गांधी टोपी. कडक इस्त्रीची. घडी मोडता कामा न्हाई."

मामा जन्मात टोपी घालत नाहीत. मी मामीला विचारलं, तेव्हा मामीनं पदर तोंडाला लावला. हसू लपवायला की रडू, ते मला आधी कळेना.

तर झालं होतं असं. मामांचं गाव खुटबाव. तिथं त्यांचे थोरले भाऊ, आबा, शेती बघतात. लहानपणी बाप गेला, आबांनी स्वतःची शाळा सोडून ह्यांना शिकवलं. सहा वर्षांपूर्वी आबांच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका आबांनी स्वतः प्रेसमध्ये बसून छापून घेतली. साखरपुड्याला व्याही बसलेले, सगळी भावकी बसलेली, आणि आबांनी कौतुकानं पहिली पत्रिका धाकट्या भावाच्या हातात दिली. मामांनी लाल पेन काढलं. खुटबावचं 'खुटबाब' झालेलं, 'अगत्याचे'मधला एक काना गेलेला. मामांनी भराभर गोल केले, वर मोठ्या अक्षरात 'रिजेक्ट' लिहिलं आणि पत्रिका व्याह्यांच्या हातात दिली.

"सवय हो! दुसरं काय न्हाई," मामी म्हणाली. "पर आबांचं तोंड असं झालं ना! म्हणले, तू लग्नाला येऊ नको. मांडवातबी चुका काढशील. आन् आमचं हे, खरंच गेलं न्हाई. सख्खा चुलता असून पोरीच्या लग्नाला न्हाई. आहेराची साडी, आबांचा टॉवेल-टोपी, सगळं कपाटात पडलंय."

म्हणजे ही एवढी मोठी बॅग आहेराची होती. सायकलवरून खुटबावला जायचं आणि राहिलेला आहेर करायचा. माझा इतका वेळचा राग तिथंच विरघळला. तेलाचा प्लास्टिकचा कॅन कापून, आत फोम घालून मी टोपीचा कप्पा असा शिवला, की वर माणूस बसला तरी टोपी चेपणार नाही.

मामा निघाले. तळेगाव, राहू, मग खुटबाव, असा पस्तीसेक किलोमीटरचा रस्ता. दुपारच्या आत माझ्या दारात हजर.

"पट्टा रुततोय खांद्याला."

पट्ट्याला फोम घातला. आठ दिवसांनी परत तेच. "टोपी आत हालती. कड दुमडली." कप्पा उसवला, पुन्हा शिवला. परत आठ दिवसांनी, "बॅगेच्या चेनचा आवाज येतो."

"कसला आवाज?"

"चालवताना. किर्र असा."

मी चेन कानाशी धरली. मेणबत्ती घासलेली चेन, तिचा कसला आलाय आवाज! आणि मग माझी ट्यूब पेटली.

"मामा, पहिल्यांदा पट्टा रुतला तेव्हा कुठवर गेला होता?"

"तळेगाव."

"टोपी हालली तेव्हा?"

"राहूच्या पुढं."

"आणि आवाज कुठं आला?"

मामा व्हर्निअर उघडझाप करत राहिले. "गावाच्या फाट्यावर. आबांचा ऊस दिसतो तिथनं."

मी तशी तोंडाची फटकळच. "बसनं का नाही गेलात मग? एकदाचं नेऊन सोडलं असतं."

"बसमधनं परत फिरता येत न्हाई, ताई," मामा म्हणाले. "सायकल कुठनंबी वळती."

वाईट वाटलं हो मला. पण वाईट वाटलं की मी जास्तच ओरडते, माझा स्वभावच तो. "बॅगेत काडीची खोट नाही! तुमचं काळीज तेवढं रिवर्कला आलंय. मी आता एक टाका घालणार नाही. ही घ्या, ओके झाली."

"ओके बनवणाऱ्यानं द्यायचं नसतं. दुसऱ्यानं तपासावं लागतं," मामा एवढ्यातही म्हणालेच.

मी तशीच मागच्या गल्लीत गेले आणि मामीला हाताला धरून आणलं. मामीनं बॅगेकडे बघितलं नाही, कप्प्याकडे बघितलं नाही. मामांकडे बघितलं. "ओके," म्हणाली. "उद्या सकाळी निघायचं. आन् आहेर केल्याबिगर माझ्या दारात यायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. एका ब्लाउजला डावी बाही उजवीकडे लावून बसले. दुपार झाली, मामा आले नाहीत. म्हणजे फाटा ओलांडला म्हणायचं, की ट्रकखाली गेले? मामी तीनदा येऊन गेली, दर वेळी दोरा मागायला. तिसऱ्यांदा मी विचारलं, "कुठल्या रंगाचा?" तर तिला सांगता येईना.

दिवेलागणीला सायकल दारात उभी राहिली. मामा होते. अंगावर बॅग नव्हती.

"बॅग कुठंय? पडली?"

मामा स्टुलावर बसले, पाणी प्यायले. मागोमाग आलेली मामी उंबऱ्यातच उभी राहिली, आत येईना.

"आबा गोठ्यात हुतं," मामा सांगू लागले. "मला बघितलं, पर बोललं न्हाईत. मीबी बोललो न्हाई. टोपी काढून पुढं धरली. लई वेळ धरली. हात दुखायला लागला. मग घेतली, घातली. साडी वहिनीकडं दिली. पोरीला धाडते म्हणली. तरी आबा गप. मग आबाच म्हणलं, ती पिशवी दाव. मांडीवर घेऊन एकेक कप्पा उघडायला लागलं. ह्यात काय? मी म्हणलं, पंक्चरचं सामान. ह्यात काय? औषध. समदे कप्पे झालं, तरी पुन्हा पयल्यापासनं. ह्यात काय, ह्यात काय. सहा वर्सानं बोललो, ते पंक्चरच्या सामानावर बोललो."

"माफी मागितली का?" मामीनं विचारलं.

"त्यांनी विचारलं, एवढे कप्पे कशाला केलंस रं? म्हणलं, आबा, यायचं भ्या वाटत हुतं. तेवढंच."

बाहेर चौकात कंपन्यांच्या बसचे हॉर्न चाललेले. मी मशीनवर उगाच हात फिरवत होते, डोळ्यांतलं पाणी त्यांना दिसू नये म्हणून.

"पर बॅग?" शेवटी मामी म्हणाली.

"निघताना खांद्यावर घ्यायला लागलो, तर आबांनी पट्टा धरला. म्हणलं, ऱ्हाऊ दे हितंच. पाहिजे असंल तर रविवारी येऊन घेऊन जा."

"मग आता रविवारी जाऊन आणणार?" मी विचारलं.

"जाणार तर," मामा म्हणाले. "आणणार न्हाई."