कळपप्रमुखाची रीतसर नेमणूक

गावाबाहेरच्या कुरणात गुरं चारायची तर पशुधन खात्याचा परवाना लागतो, आणि परवाना हवा तर दरवर्षी कळपाची नोंदणी करावी लागते. यात वावगं काहीच नाही. आपण किती आहोत हे गुरांना ठाऊक नसतं; त्यांच्या वतीनं कुणीतरी ते ठाऊक करून घ्यायलाच हवं.

गोठेवाल्या मावशींकडे एकोणीस जनावरं होती. यंदाच्या अर्जात नवे रकाने आले होते. गाभण गायी ‘प्रलंबित’, वासरं ‘परिविक्षाधीन’, आणि पलीकडच्या गावाहून अधूनमधून येणारा वळू ‘अभ्यागत तज्ज्ञ’. खात्याच्या तपासनिसांना मावशींनी हे सगळं मुकाट्यानं भरू दिलं. गाडी अडली ती शेवटच्या दोन रकान्यांशी: ‘कळपप्रमुख’ आणि ‘अनुत्पादक सदस्य’.

“दोन्हीकडे आजीबाईच लिहा,” मावशी म्हणाल्या.

तपासनिसांचं पेन थांबलं. “एकच गाय दोन्हीकडे कशी?”

“भाकड आहे हो ती. सहा वर्षं झाली, थेंब नाही. पण ती उठली की सगळ्या उठतात, ती पाण्याकडे वळली की सगळ्या वळतात.”

“नेमणूक कुणी केली?”

“कुणी करतंय कशाला? बाकीच्या मागं चालतात, म्हणून ती पुढं.”

“म्हणजे लेखी काही नाही.”

“गळ्यात घंटी आहे.”

तपासनीस भले गृहस्थ होते. नियमाबाहेर विचार करण्याची वाईट सवय त्यांना कुणी लागू दिली नव्हती. नियम स्वच्छ होता: प्रमुखपद कामगिरीवर मिळतं, आणि गायीची कामगिरी लिटरमध्ये मोजतात. चांदी नावाची गाय रोज सोळा लिटर देई. सबब चांदी कळपप्रमुख, घंटीसह. आजीबाई अनुत्पादक, तिला कळपापासून वेगळं बांधायचं आणि पंधराव्या दिवशी खात्याच्या ट्रकमध्ये चढवायचं. नाहीतर परवाना रद्द.

“ट्रक तिला नेणार कुठं?” मावशींचा आवाज बारीक झाला.

“तो विषय आमच्या विभागाकडे येत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्याचं दार उघडलं. चांदी मुळात मधोमध चालणारी. घंटी वाजली की कुणीतरी पुढं गेलं, एवढंच तिला आजवर माहीत. आता घंटी वाजे आणि ती पुढं कोण गेलं ते बघत उभी राही. बाकीच्या तिच्याकडे बघत. मोठ्या बैठकीत चहा येईपर्यंत जशी शांतता असते, तशी शांतता गोठ्यात पसरली. चार दिवसांत चांदी नऊ लिटरवर आली.

“मावशी, तुम्ही सहकार्य करत नाही,” तपासनीस म्हणाले.

“मी करते हो. गुरं करत नाहीत.”

मग चांदीसाठी नेतृत्व प्रशिक्षण सुरू झालं. हिरव्या चाऱ्याची पेंढी हातात धरून तपासनीस स्वतः पुढं चालू लागले. चांदी त्यांच्या मागं गेली. चांदीच्या मागं कुणीच गेलं नाही.

“चला, तुम्हाला तरी एक मिळाली,” मावशी म्हणाल्या.

पंधराव्या दिवशी मोठे साहेब येणार होते. नव्या कळपप्रमुखाच्या नेतृत्वाखाली कळपाचं पहिलं प्रस्थान हिरवा झेंडा दाखवून व्हायचं होतं. मंडप पडला, खुर्च्या लागल्या, गाव जमला. आजीबाईला नेणारा ट्रकही त्याच दिवशी मंडपामागं येऊन उभा राहिला. मावशी भाषणाला बसल्या नाहीत. आजीबाईच्या गळ्याखाली खाजवत मागंच थांबल्या.

साहेबांनी झेंडा हलवला. चांदीनं झेंड्याकडे पाहिलं आणि रवंथ सुरू ठेवला. साहेबांनी पुन्हा हलवला. तपासनीस चाऱ्याची पेंढी शोधू लागले.

तेवढ्यात मंडपामागं चालकानं आजीबाईचा दोर ओढला आणि ती एकदाच, खोल हंबरली.

अठरा माना वळल्या. अठरा जनावरं खुर्च्यांमधून, हार-तुऱ्यांवरून, सतरंजी तुडवत निघाली. आजीबाई ट्रकच्या फळीपाशी पाय रोवून थांबली. तिच्या मागं सगळी थांबली. झेंडा लागू पडला असं समजून साहेब कळपामागं चालू लागले. साहेबांमागं अधिकारी, ज्येष्ठतेनुसार. अधिकाऱ्यांमागं आम्ही गावकरी.

“वा!” साहेब म्हणाले. “ही सगळ्यात पुढची गाय. हिचं पद काय?”

तपासनिसांनी फाईल उघडली, मिटली. मावशी त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या.

“मानद मार्गदर्शक, साहेब.”

“मग हा ट्रक?”

“त्यांच्या… सन्मानार्थ.”

सन्मान करून ट्रक रिकामा परत गेला. परवाना जागेवर मिळाला. कागदोपत्री प्रमुख अजून चांदीच आहे. घंटी वाजवत ती मधोमध चालते, आणि सोळा लिटरवर आली आहे. आजीबाई पुढं असते, बिनघंटीची. हा फरक कळपाच्या लक्षात आलेला नाही.

ट्रक निघायच्या आधी टाळ्यांचा कडकडाट झाला होता. पहिली टाळी चालकाची होती. तो गोमाशी मारत होता. मी घरी आल्यावर माझ्या बायकोनं विचारलं, “एवढ्या जोरानं टाळ्या कसल्या वाजवत होता? काय घडलं ते कळलं तरी होतं का?”

मी खरं तेच सांगितलं. शेजारी तुम्ही वाजवत होता, वाचकहो, म्हणून मीही.