दोन कादंबऱ्यांचा तुलनात्मक तक्ता

पाणीपुरवठा कार्यालयात तुलनात्मक तक्त्याशिवाय काहीही घेतलं जात नसे. पंप असो की पायपुसणं, दोन नमुन्यांचे गुणदोष समोरासमोर मांडायचे, खाली शिफारस लिहायची आणि तीन सह्या घ्यायच्या. या कामात खरेदी विभागातल्या बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून सगळे त्यांना तक्तेबाई म्हणत. नवराही त्यांनी तक्ता करूनच निवडला, असं लोक सांगत. ते खोटं होतं. तो तक्ता राहून गेला, याचीच बाईंना हळहळ होती.

उद्यापासून हा नवरा चार दिवस मित्रांबरोबर बाहेर जाणार होता. रिकाम्या घरात लोळत एक झकास प्रेमकथा वाचायची, एवढंच बाईंचं मागणं होतं. रजेचा अर्ज साहेबांपुढे होता. वाचनालय मात्र एका वेळी एकच पुस्तक देई आणि मनात दोन होती: 'डॉक्टर, दार उघडा' आणि 'उसना श्वास'. ठरेना, तेव्हा बाईंनी जेवणाच्या सुट्टीत सरळ छापील फॉर्म ओढला आणि मैत्रिणींकडून कळलं तेवढं लिहून काढलं.

"डॉक्टर: नायक देखणा, अक्कल बेताची. पहिलं चुंबन पान चाळीस. श्वास: नायक हळवा, दर दहा पानांनी रडतो. पहिलं चुंबन पान दोनशे बारा. तोवर वाचक म्हातारा होण्याची शक्यता. शिफारस: डॉक्टर."

तीन वाजता त्यांनी पंपांची फाइल सह्यांसाठी पाठवली. साडेतीनला बाईंना पंपांचा तक्ता खणातच सापडला; फाइलमध्ये कादंबऱ्यांचा गेला होता. त्या हेडक्लार्ककडे धावल्या.

"भाऊ, ती फाइल परत द्या. कागद चुकलाय."

"गेली की पुढे. सही केली मी."

"न वाचताच केलीत ना?"

"बावीस वर्षांत न वाचता सही केली नाही." हेडक्लार्कने आवाज खाली आणला. "चुंबन पान अडतीसवर आहे, बाई. तेवढं दुरुस्त केलंय."

इंजिनिअरनेही "पुरुषाने रडणे हा दोष कसा?" असा शेरा मारून फाइल साहेबांकडे रवाना केली होती. साहेब म्हणजे जमदग्नी. केबिनबाहेर उभ्या बाईंना आता रजा तर बोंबललीच, वर मेमोही मिळणार असं वाटू लागलं. तेवढ्यात साहेब बॅग घेऊन बाहेर आले, त्यांच्याकडे न बघता फाइल हातात ठेवली आणि जिना उतरून गेले. आत शेरा होता.

"शिफारस मान्य. मात्र प्रत्यक्ष तपासणीशिवाय मंजुरी देता येत नाही. सदर पुस्तक मी स्वतः वाचनालयातून नेत असून तपासणीसाठी चार दिवस रजेवर आहे. त्या काळात कार्यालय आपण सांभाळावे. आपली रजा नामंजूर."

बाईंनी तो दोनदा वाचला. तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तडक हेडक्लार्ककडे आल्या.

"भाऊ, डॉक्टर शेवटपर्यंत वाचलंय ना तुम्ही?"

"दोनदा."

"शेवटी काय होतं?"

"सांगितलं तर मजा जाईल हो."

"सांगा."

हेडक्लार्कने इकडेतिकडे पाहिलं आणि सांगितलं. बाई जागेवर येऊन बसल्या. साहेबांच्या शेऱ्याखाली त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: "नायिका अखेरीस डॉक्टरला सोडून त्याच्या कंपाउंडरशी लग्न करते. माहितीस्तव सविनय सादर." मग फाइलवर 'तातडीचे' शिक्का मारून त्यांनी ती ड्रायव्हरबरोबर साहेबांच्या घरी पाठवून दिली.