कॉफीचा उपास

"आण की इकडं. दोन माणसांच्या घरात एक कुत्रं काय जड हाय?" असं उत्तरेश्वरराव फोनवर बोलून गेले आणि मग त्यांनी स्वयंपाकघराकडं पाहिलं. (हा क्रम उलटा असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण पंचायत समितीत हयात घालवलेला माणूस आधी सही करतो, कागद मागाहून वाचतो.)

"काय जड न्हाय?" आतून द्वारकाबाईंचा आवाज आला.

तोवर उशीर झाला होता. लेक सोनाली पुण्याला नोकरीत. तिला कंपनी काही महिने बंगळूरला पाठवत होती, आणि तिचा कॉकर स्पॅनियल जातीचा कुत्रा ठेवायला घर हवं होतं. पुढच्याच रविवारी ती त्याला घेऊन गावी, सोनारीत, हजर झाली. नाव कॉफी. तपकिरी रंग, कुरळे केस, आखूड शेपूट, आणि कान एवढे लांब की तो पाणी प्यायला वाकला की कान आधी भांड्यात पोचायचे, तोंड नंतर.

"आबा, याची कातडी फार नाजूक आहे," सोनालीनं बजावलं. "या पोत्यातलं खाणं सोडून दुसरं काहीही नाही. दूध नाही, चपाती नाही, गोड तर बिलकुल नाही. औषधाच्या शाम्पूनं आंघोळ घालायची, आणि कान कायम कोरडे ठेवायचे, नाहीतर वास मारतात."

"म्हंजे ह्यांच्यासारखंच की," द्वारकाबाई नवऱ्याकडं बोट दाखवून म्हणाल्या. "ह्यांनाबी गोड बंद, आन् ह्यांचेबी कान कुणीतरी धुतल्याबिगर चालत न्हायत."

उत्तरेश्वररावांना साखरेचा आजार होता. परंड्याच्या डॉक्टरांनी गोड तोडलं होतं आणि द्वारकाबाईंनी घरातला साखरेचा डबा कुठं हलवला होता ते फक्त त्यांना आणि मुंग्यांना माहीत होतं.

सुरुवातीला उत्तरेश्वरराव कुरकुरले. कुत्रं कसं वावरात राखणीला असावं, हे असलं केस विंचरायचं कुत्रं म्हणजे थेरं, असं ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मग एकदा ते दळण घेऊन परतले तर कॉफी फाटकापासून घरापर्यंत त्यांच्याभोवती गोल गोल नाचला. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या येण्याची एवढी वाट कुणी पाहिली नव्हती. त्यांना फार बरं वाटलं. त्यांनी दळण तसंच खाली ठेवलं आणि कॉफीचं डोकं कुरवाळत बसले. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दोघांची स्वारी स्कूटरवरून भैरवनाथाच्या देवळाकडं निघायची. कॉफी पुढं पायाशी उभा, कान वाऱ्यावर, आणि मागं उत्तरेश्वरराव. दोघंही घरी परतायचे ते अगदी तृप्त चेहऱ्यानं.

द्वारकाबाईंनीही हळूहळू शरणागती पत्करली. कॉफी खायला बसला की त्या आपला केसांचा क्लच काढून त्याचे दोन्ही कान डोक्यावर बांधायच्या. तसा तो जेवायला बसला की एखाद्या लग्नघरातल्या मावशीसारखा दिसायचा.

एके दिवशी सोनालीचा फोन आला. "आबा, मला आता सारखंच बाहेरगावी जावं लागणार आहे. कॉफीला तिकडं मानवत असेल तर कायमचा तिथंच ठेवीन म्हणते. पण कातडी बिघडली असेल तर मात्र मी त्याला घेऊन जाणार."

"मानवतंय की! लई मानवतंय!" उत्तरेश्वरराव म्हणाले. त्याच वेळी कॉफी त्यांच्या पायाशी बसून मागच्या पायानं खराखरा अंग खाजवत होता.

खाज काही थांबेना. उजव्या कुशीवरचे केस जाऊन तिथं तळहाताएवढा लाल चट्टा पडला. उत्तरेश्वररावांनी करंजाचं तेल चोळलं, तर कॉफीनं ते सगळं नव्या गादीला पुसलं. कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ घातली, तर त्याच्याऐवजी स्वतःच भिजले. हळद लावली, तेव्हा कुत्रा, ओटा आणि उत्तरेश्वररावांचा पांढरा लेंगा, सगळ्यांचं एकदम लग्न ठरल्यासारखं दिसायला लागलं. देवळापाशी नारळ-फुलं विकणाऱ्या शेजारच्या इरम्मानं दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका कॉफी सोडून सगळ्या आळीला लागला.

व्हिडिओ कॉलवर उत्तरेश्वरराव कॉफीला फक्त डाव्या बाजूनं दाखवू लागले.

"आबा, जरा उजवीकडून दाखवा ना."

"नेट जातंय गं, नेट!" असं म्हणून ते मोबाईलच हलवायचे.

शेवटी त्यांनी परंड्याचा जनावरांचा डॉक्टर गाठला. कृष्णराज डॉक्टरांची सगळी हयात म्हशींत गेलेली. "खातंय का? रवंथ करतंय का?" त्यांनी सवयीनं विचारलं, मग समोर कोण आहे ते पाहून चष्मा पुसला. पण तपासलं मात्र नीट. कान पाहिले, कातडी पाहिली आणि म्हणाले, "गोचीड न्हाय, खरूज न्हाय. खाण्याचं वावडं आहे. कुणीतरी ह्याला बाहेरचं खायला घालतंय. ते बंद करा, आपोआप बरं होईल."

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात माणसांच्या डॉक्टरनंही उत्तरेश्वररावांची साखर पाहून द्वारकाबाईंना 'खाण्यातलंच काहीतरी बाधतंय' असं सांगितलं होतं. त्या बिचाऱ्या घरी येऊन भात बंद करून बसल्या होत्या.

"कुणीतरी म्हंजे कोण? आख्खं गाव!" उत्तरेश्वरराव कडाडले. त्यात तथ्य होतं. सोनारीत कुत्रं म्हणजे भैरवनाथाचं वाहन. इथं कुत्र्याला हाड म्हणण्याआधी माणूस देवळाकडं बघतो. रविवारी यात्रेकरू येतात, ते कुत्र्याच्या तोंडात घास घातल्याशिवाय परतत नाहीत. त्यात कॉफीसारखं राजबिंडं वाहन दिसल्यावर कोण सोडतंय?

उत्तरेश्वररावांनी पुठ्ठा घेतला, स्केचपेन घेतलं आणि कार्यालयीन वळणदार अक्षरात पाटी लिहिली: 'सदर श्वानास कोणीही कोणताही खाद्यपदार्थ देऊ नये. हुकमावरून.' ती कॉफीच्या गळ्यात बांधून रविवारी सकाळी त्याला ओट्यावर बसवलं आणि स्वतः निर्धास्त मनानं दाढी करायला आत गेले.

तोंडाला फेस लावून बाहेर येतात तो ओट्यापुढं गर्दी. कॉफी मधोमध गंभीर बसलेला. समोर एक म्हातारी हात जोडून उभी.

"हुकूम कुणाचा म्हणायचा?" एकानं विचारलं.

"सोनारीत दुसऱ्या कुणाचा हुकूम चालतोय? नाथाचाच असंल."

"म्हंजे उपास धरलाय बघा ह्यानं. मुकं जनावर, पर कडक पाळतंय!"

"आवो, न्हाय! वावडं हाय त्याला!" उत्तरेश्वरराव फेसातून ओरडले. पण उपासाची बातमी देवळापर्यंत पोचली होती, आणि उपास म्हटल्यावर फराळ आलाच. कुणी साबुदाण्याची खिचडी आणली, कुणी भगर, कुणी राजगिऱ्याचे लाडू. जेवण दिलं नाही म्हणजे हुकूमही मोडला नाही! उत्तरेश्वररावांनी एकेक द्रोण कॉफीच्या तोंडासमोरून हिसकावून घेतला. दुपारपर्यंत त्यांच्याकडं फराळाचा ढीग जमला. आता देवाच्या नावाचं अन्न टाकायचं कसं? त्यांनी परसात जाऊन ते जड अंतःकरणानं संपवलं. (अंतःकरण किती जड होतं ते सांगता येत नाही, पण पोट फार जड झालं होतं.)

पुढच्या रविवारपर्यंत सगळ्या गावाला नीट समज मिळाली होती. कुणी दाणा टाकत नव्हतं. कॉफी मात्र खाजवतच होता. आणि त्याच रविवारी, न कळवता, सोनाली आली.

तिनं कॉफीला उचललं, उजवीकडून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "आबा, हे काय?"

"गाव ऐकत न्हाय गं," उत्तरेश्वरराव म्हणाले. "म्या लई जपलं. पर ही इरम्मा, ते यात्रेकरू... पाटीबी बांधली मी."

आपलं नाव ऐकून शेजारून आलेली इरम्मा फुलांची टोपली खाली ठेवून पुढं झाली. "मामा, भैरोबाची शपथ हाय. पाटी बांधल्यापास्नं म्या याला पाकळी दिली न्हाय. उगं आमच्यावर आळ नगं."

"मग कॉफीलाच विचारू," सोनाली म्हणाली. तिनं साखळी सोडली आणि हळूच विचारलं, "कॉफी, खाऊ कुठाय?"

कॉफीनं कान टवकारले, म्हणजे जेवढे टवकारता येत होते तेवढे. तो इरम्माला वळसा घालून गेला, स्वयंपाकघराकडं ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ गेला तो स्कूटरपाशी, डिक्कीसमोर बसला आणि आखूड शेपूट जोरजोरात हलवत उत्तरेश्वररावांकडं प्रेमानं बघू लागला.

"किल्ली," द्वारकाबाई म्हणाल्या.

"ती... सापडत न्हाय."

"तुमच्या हातात हाय."

डिक्कीत, जुन्या फडक्याखाली, कुंथलगिरीच्या पेढ्यांचा खोका होता. अर्धा रिकामा.

"रोज एकच खायचो," उत्तरेश्वरराव पुटपुटले. "पर हा असं बघायचा तोंडाकडं... घरी येऊन भुंकला तर काय, म्हणून अर्धा त्याला."

द्वारकाबाई मटकन ओट्यावर बसल्या. "आन् म्या भात बंद केला! बटाटा बंद केला! माझ्या हाताचंच बाधतंय म्हणून रडत होते म्या." मग एकाएकी त्यांना हसू फुटलं, ते आवरेना. "लोक म्हणत्यात कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं. ह्या बिचाऱ्याला शेपूटच एवढुसं. त्याच्या वाटणीचं वाकडेपण तुम्हीच सांभाळताय!"

उत्तरेश्वरराव खाली मान घालून कॉफीच्या कानामागं बोटं फिरवत राहिले. "नेणार मग त्याला?" त्यांनी विचारलं, आणि ते खरंच रडवेले झाले होते.

सोनालीनं आईकडं पाहिलं. दोघींचं काहीतरी न बोलता ठरलं. "नाही. राहू दे इथंच. पण एक लक्षात ठेवा आबा, मी कॉफीला तुमच्याकडं ठेवत नाहीये. तुम्हाला कॉफीकडं ठेवतेय."

जाण्याआधी तिनं कॉफीला एक नवी विद्या शिकवली. आबांच्या हातात किंवा खिशात गोड सापडलं की भुंकायचं. भुंकलं की आई पोत्यातलं मूठभर खाणं बक्षीस देणार. कॉफी हे एका दुपारीत शिकला. (पंचायत समितीत एवढ्या लवकर शिकलेला कर्मचारी उत्तरेश्वररावांच्या पाहण्यात नव्हता.)

महिन्याभरात चट्टा भरून आला, वर कुरळी लव उगवली. परंड्याच्या डॉक्टरांनी साखरेचा आकडा पाहून द्वारकाबाईंचं कौतुक केलं. उत्तरेश्वरराव कुठूनही परतले की कॉफी अजून तसाच धावत सुटतो. ते दोन्ही हात वर करून उभे राहतात, तो एकेक खिसा हुंगतो, आणि मगच दोघं घरात जातात. गावाला ते प्रेम वाटतं. तसं ते आहेही.

पाटीही वाया गेली नाही. द्वारकाबाईंनी 'श्वानास' खोडून वर 'गृहस्थास' लिहिलं आणि ती ओट्यावर, नवऱ्याच्या खुर्चीच्या वर टांगली. परवा एक यात्रेकरू बाई ती वाचून थांबली. खुर्चीतल्या उत्तरेश्वररावांना तिनं वाकून नमस्कार केला.

"उपास हाय व्हय, बाबा?"

उत्तरेश्वररावांनी स्वयंपाकघराकडं पाहिलं. दार लोटलेलं होतं. "व्हय," ते अगदी हळू म्हणाले.

बाईनं पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून भक्तिभावानं त्यांच्या हातावर ठेवला. तोंडाकडं निघालेला हात अर्ध्या वाटेवर पोचला होता. तेवढ्यात खुर्चीखालून खणखणीत भुंकणं ऐकू आलं, आणि आतून आवाज आला, "काय घावलं रं, कॉफ्या?"