तीन पिक्सेलांच्या चुकीची बखर

श्री. पडद्यावर पान उमटविणारी जी शक्ती, ती लिहिणारास व वाचणारास सांभाळो. शके १९३४, नंदननाम संवत्सरे, जालराज्यी जे वर्तमान जाहले ते ऐकिले तैसे लिहिले. पदरचे लाविले ते थोडके.

त्या राज्यी भानजी त्रिमल म्हणोन भला गृहस्थ, लोक त्यांस पंत म्हणत. त्यांणी ब्राउझराचे इंजिन सिद्ध केले. पानातील मजकूर पडद्यावर कोठे बसावा, हे ठरविणे त्या इंजिनाचे काम. कोड सारा चव्हाट्यावर मांडिला. कोणीही न्यावा, सुधारावा आणि सुधारलेले मूळ घरी परत द्यावे, ऐसा शिरस्ता. मग मोठ्या दौलतीचे सरदार येसो मल्हार आले, गोड बोलिले, कोड घेऊन गेले, आणि वर्षाने सुधारणा परत पाठविल्या त्या हजार बदल एका गाठोड्यात कोंबून, कोणता कशासाठी याचा चिठोराही नाही. पंत तीन मास गाठी सोडवीत बसले आणि शेवटी हात टेकिले.

पुढे त्याच कोडावर उभारिलेले येसोजींचे इंजिन घरोघर गेले. त्यात खोड ऐसी की, रकाना तीन पिक्सेल, म्हणजे पडद्याचे तीन ठिपके, डावीकडे सरके. मग पाने लिहिणारे मुकाट्याने तीन पिक्सेल उजवीकडे ढकलून लिहू लागले, आणि तेथे पान नीट दिसे. पंतांचे इंजिन नियमाबरहुकूम चाले, म्हणोन तेथे तेच पान वाकडे, परीक्षेच्या निकालाचे बटण चित्राखाली दडलेले. लोक बोलिले, "पंतांचे इंजिन बिघडले," आणि सोडून चालिले. आणिक सहा मास हेच चालते तर इंजिन बुडालेच होते. मग पंत मानपान गिळून येसोजींकडे गेले आणि बोलिले, "सरदार, चूक तुमची आहे. नीट करा." येसोजी हसले. "चूक आहे, नाही कोण म्हणतो? पण आमची चूक लाखो घरी नांदते, पंत. तुमचे खरे कोणाकडे नांदते?"

पंतांनी घरी येऊन आपल्या इंजिनात स्वहस्ते तीच चूक घातली, आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवण्याची सवय जाईना म्हणोन सोबत चार पाने टिपण लिहिले, की चूक काय, किती, कोठे, का. बटण दिसू लागले, आणि लोक बोलिले, "आता कोठे पंतांस जमले!"

मग उभय घरांची सभा भरली, सहकार्याच्या आणाभाका जाहल्या, आणि सर्वांनी एकच नियम पाळावा ऐसे ठरले. येसोजींच्या दरबारी आपल्याच खोडीचा कागद कोणापाशी नाही! तेव्हा पंतांचे टिपण उचलोन तेच नियमपत्र केले, आणि उपकार स्मरोन तळाशी कर्त्याचे नाव मोठ्या अक्षरांत घातले: भानजी त्रिमल.

येणेप्रमाणे इंजिन तगले, येसोजी उदार ठरले. आणि नवे शिकणारे "हे तीन पिक्सेल कोण्या गाढवाने घातले?" म्हणोन नियमपत्राच्या तळाशी पाहतात.