बाबांची चरबी आणि अकरा शहाळी

"डॉक्टर, पोटावरची चरबी नळीनं ओढून काढतात ना, ती नंतर टाकतात कुठे?"

प्रांजलनं माईक हातात घेऊन खणखणीत आवाजात विचारलं आणि अख्खी दहावी 'ब' खिदळली. हा प्रश्न विचारून दाखवायचा, अशी रोशनी आणि दीपा या मैत्रिणींनी तिच्याशी दोन वडापावांची पैज लावली होती. आरोग्य मार्गदर्शनाला आलेल्या डॉक्टरबाई मात्र जराही हसल्या नाहीत.

"जाळून नष्ट करतात. पण आधी हे ऐका. लायपोसक्शन हे वजन कमी करायचं ऑपरेशन नव्हेच. एखाद्याच जागची हट्टी चरबी त्यात काढतात. भूल द्यावी लागते, सूज कित्येक आठवडे राहते, घट्ट पट्टा बांधून फिरावं लागतं. रक्तात गुठळी होण्याचा धोका असतो तो वेगळाच. आणि खाणं तेच ठेवलं, तर चरबी दुसरीकडे येऊन बसते." मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू कोणासाठी विचारतेस?"

मुख्याध्यापिका पहिल्याच खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर पैजेचं नाव काढायची सोय नव्हती.

"बाबांसाठी," प्रांजलच्या तोंडून निघून गेलं.

दाराशी शाळेचे शिपाई बुधाजीमामा उभे होते. ते बाबांच्याच गावचे, उरणकडचे. त्यांनी खिशातून मोबाईल काढलेला प्रांजलनं पाहिला, पण तेव्हा तिचं लक्ष वडापावात होतं.

तिच्या दप्तरात कबड्डी शिबिराचा फॉर्म होता. तीन दिवस गोड बोलून, स्वतःहून भांडी घासून तिनं बाबांना सहीपर्यंत आणलं होतं. आज रात्री सही झाली नाही, तर उद्या सकाळी नाव कटणार होतं.

संध्याकाळी ती करंजाड्याला घरी पोचली, तर दाराबाहेर चपलांचा ढीग! आत आईचे डोळे लाल. शेजारी कृष्णाबाई आत्या, दुपारच्या एसटीनं उरणहून थेट आलेली. आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, म्हणून जो आला तो शहाळं घेऊन आला होता. टीव्हीखाली अकरा शहाळी मांडली होती.

"तुला माहीत होतं आणि मला बोलली नाहीस?" आई हुंदका देत म्हणाली.

"आई, बाबांना काहीही झालेलं नाहीये!"

"सुरवातीला असाच बोलतात," आत्या म्हणाली. "बुधाजीनं सगला ऐकलाय. पोटात गाठ हाय."

"गाठ नाही आत्या, चरबी!"

"म्हंजी चरबीची गाठ."

"अगं, ते मी नुसतंच विचारलं होतं!"

"डाक्टरला नुसता कोन इचारतो गो?"

प्रांजलनं कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात शैलेशकाकाचा फोन आला. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न होतं. दादाला असं असताना हळद पुढे ढकलायची का, असं तो रडवेल्या आवाजात विचारत होता.

सात वाजता बाबा ड्युटीवरून आले. कंडक्टरची बॅग खांद्यावरून उतरायच्या आत आत्यानं त्यांना दंडाला धरून बसवलं.

"हलू बस, कमळाकर. आमाला सगला समजलाय. ऑपरेशनचा."

आता बाबा खो खो हसतील आणि सगळं मिटेल, म्हणून प्रांजल फॉर्म काढायला वाकली. पण बाबांचा चेहराच उतरला.

"कोणी सांगितलं?" ते पुटपुटले. "मी तर कोणालाच बोललो नव्हतो."

बाबांनी तिकिटांच्या बॅगेतून घडी घातलेलं एक पत्रक काढलं. 'एका दिवसात सपाट पोट!' खाली पेनानं लिहिलं होतं, रविवार, सकाळी नऊ.

"हळदीला सगळ्या भावांचे एकाच ताग्यातले पिवळे शर्ट शिवतायत ना," बाबा जमिनीकडे बघत म्हणाले. "गणू टेलर सगळ्यांसमोर म्हणाला, कमळाकरदादा, टेप पुरत नाही. आणि मागच्या हळदीची सीडी बघा. मी नाचतोय, आणि कॅमेरावाला आपला पोटावरच थांबलाय."

"अहो, मी दुपारपासून रडतेय इथे!" आईनं पदर झटकला.

आत्यानं स्वतःच्या कमरेवरून हात फिरवला आणि प्रांजलच्या कानाशी लागली. "माझी पन काढतील का गो?"

आता मात्र प्रांजलचं डोकं फिरलं. डॉक्टरबाईंचं सगळं तिनं एका दमात म्हणून दाखवलं: भूल, सूज, पट्टा, गुठळी. मग फॉर्म बाबांच्या मांडीवर ठेवला, वर पेन आपटलं आणि आईबाबांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मी ठरवलंय. गणू टेलर शर्टाला कापड जोडेल, ती त्याची डोकेदुखी. बाबा, इथे सही करा आणि एक शहाळं पिऊन घ्या. रविवारी सकाळी सहाला आमचं शिबिर सुरू होतंय, तुम्ही क्लिनिकला नाही, तिकडे यायचंय. रिक्षा नाही, चालत. आणि उरलेली दहा शहाळी आमच्या टीमसाठी खांद्यावरून तुम्हीच आणणार आहात!"