अकरा विरुद्ध शून्य

खाडे मास्तर टीव्ही उभ्याने पाहत. आमच्या बाहेरच्या खोलीत आम्ही दहा माणसे बसलेली असू आणि आमच्यामागे हात पाठीशी बांधून मास्तर फेऱ्या घालीत. चित्रकलेचा शिक्षक वर्गात बसत नाही, असे त्यांचे म्हणणे. निवृत्त होऊन चार वर्षे झाली होती आणि समोर वर्ग नसून विलायती मालिका होती, हा फरक त्यांना मान्य नव्हता.

"ए दाढीवाल्या, ब्रश हाय तो, पळी न्हवं! खिडकीतनं काय बघतोस? फांदी म्होरं ठेवलीया. बघून काढ!"

दाढीवाला अर्थातच ऐकत नसे. तो इंग्रज होता, आणि मरून बरीच वर्षे झाली होती.

साताऱ्यात तेव्हा टीव्ही मोजके. आमच्या गल्लीत एकच, माझा. पंचवीस फुटी खांबावर अँटेना चढवली तेव्हा कुठे पुण्याकडचे चित्र येऊ लागले, तेही मुंग्या लागल्यासारखे. दर गुरुवारी संध्याकाळी ही मालिका लागे. शंभरसव्वाशे वर्षांपूर्वी लंडनच्या काही तरुण चित्रकारांनी आपल्या कलाशाळेतल्या बड्या गुरुजींविरुद्ध बंड केले, त्याची गोष्ट. गुरुजी म्हणत, जुन्यांनी काढले तसे काढा. पोरे म्हणत, डोळ्यांना दिसते तसे काढू. मधूनमधून भांडणे, प्रेमप्रकरणे, आणि चित्रासाठी केस मोकळे सोडून तासन्‌तास बसलेल्या बायका. इंग्रजी आम्हांला रुपयात चार आणे कळे. मत मात्र प्रत्येकाचे सोळा आणे.

शेजारचे सुभेदार कदम पलटणीतून पेन्शनवर आलेले. "ह्यांच्या दाढ्या कुनी करत न्हाई व्हय? आन् त्या बाईला कवाधरनं बसवून ठेवलंय. तिला घरदार हाय का न्हाई?"

"गप बसा, सुभेदार," मागून मास्तर म्हणत. "तिच्या मागं बघा. हिरवं हाय ते. ओलं हिरवं. आन् तिचा झगा जांभळा."

"आवं मास्तर, टीव्ही काळापांढरा हाय."

"तुमचा असंल."

मी मोजणी कचेरीत नोकरीला. अंदाजाने बोलणे मला जमत नाही. मास्तर एका भागात किती वेळा ओरडतात, तेही मी मोजले होते. सरासरी तेवीस. कौतुकाचा शब्द शून्य. रंग सांगत ते मोजले नाहीत. त्यांना कोणत्या रकान्यात घालावे ते कळेना.

मालिकेच्या आधी प्रेक्षकांची पत्रे वाचून दाखवीत. पाचव्या भागानंतर सुभेदार म्हणाले, "साहेब, पत्र लिवा. बायामाणसांत बसून हे बघवत न्हाई."

मी कागद घेतला आणि सगळ्यांची मते उतरवली. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "मला विरोधातच घाला. दर गुरुवारी अकरा कप चहा मला करावा लागतो." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "मास्तरांना विचारलंत का?"

"विचारायचं काय? तेवीस वेळा ओरडतात."

पत्र स्वच्छ अक्षरात गेले. 'आमच्या घरी मालिका पाहणाऱ्या अकराही प्रेक्षकांना ती नापसंत आहे. त्यांत तीस वर्षे चित्रकला शिकवलेले एक अनुभवी शिक्षक आहेत.' शेवटचे वाक्य घातल्याने वजन येईल, असे मला वाटले होते.

आले. पुढच्याच गुरुवारी निवेदिकेने ते शब्दन्‌शब्द वाचले, गल्लीच्या नावासकट. खोलीत टाळ्या पडल्या. सुभेदारांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "लय झ्याक!" मी मागे पाहिले. मास्तर जमिनीवर बसले होते. त्या दिवशी भागभर कोणी रंग सांगितले नाहीत.

त्याच्या पुढच्या गुरुवारी मालिका लागली नाही. आमच्या पत्रामुळे की भागच संपले म्हणून, मला ठाऊक नाही. मास्तरही आले नाहीत. तीन गुरुवार झाले तेव्हा मी त्यांच्या खोलीवर गेलो.

बायको जाऊन सहा वर्षे झालेली, मुलगा कोयनानगरला. मास्तर स्टोव्हवर आमटी करीत होते.

"मास्तर, माझी चूक झाली. दुसरं पत्र लिहितो. दहा विरुद्ध एक."

ते डाव हलवीत राहिले. मग म्हणाले, "वर्गात मी कुनावर वरडायचो, ठावं हाय? ज्याचा हात बरा असंल त्याच्यावर. बाकीच्यांच्या वहीवर सही करायची, की झालं. तीस वर्षं पोरांकडनं कळशी आन् जास्वंद काढून घेतली. परीक्षेला तेवढंच लागायचं. चित्रावरनं माझ्याशी कधी कोण भांडलं न्हाई. ही पोरं एका झाडाच्या पानावरनं गळा धरायची एकमेकांचा. गुरुवारी वाटायचं, आपन त्यांच्यातच हाय."

मी खिशातून कागद काढला.

"दहा म्हंजे कोन कोन?"

मी नावे सांगितली. नऊ झाली.

"दहावे तुमी?"

"हो."

"तुमास्नी आवडत न्हवतं?"

खोटे सांगणे मला जमत नाही. त्या मालिकेपासून शुक्रवारी कचेरीत जाताना मी चिंचेखाली थांबू लागलो होतो. एकाच झाडाला किती हिरवे असतात ते पाहत असे. सात भरले होते. कोणाला बोललो नव्हतो.

"आवडत होतं," मी म्हणालो.

"मग विरोधात का?"

"बाकी सगळे होते."

मास्तरांनी प्रथमच माझ्याकडे नीट पाहिले.

"म्हंजे दोघं हुतो की आपन. पाच गुरुवार तुमच्या पाठीशी हुबा हुतो मी. एकदा तरी मागं वळून बोलायचं हुतं."

त्यांनी स्टोव्ह बंद केला, ताट एकच घेतले, आणि मला बसा म्हणाले नाहीत.